चुकांची वंशावळ

मोबाईलवरून विजेचे बिल भरताना कधी पडद्यावर असा स्पष्ट निरोप येतो की खात्यात पुरेशी शिल्लक नाही, कधी असा की टाकलेला ग्राहक क्रमांक चुकीचा आहे. आणि कधी मात्र बिल तेच, खाते तेच आणि मोबाईलही तोच असताना ‘काहीतरी बिघडले आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच मोघम उत्तर मिळते. अशा वेळी मनुष्य साहजिकच चिडतो, आणि नेमके काय बिघडले ते यंत्रालाच कळले नसावे असा त्याचा ग्रह होतो. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. आज्ञावलीच्या अगदी खालच्या थरात, जेथे बिघाड प्रत्यक्ष घडला तेथे, त्याचे नाव, कारण आणि स्थळ या तिन्ही गोष्टींची नोंद झालेली असते. परंतु तेथून वर येता येता तो बिघाड अशा एखाद्या ठिकाणी अडवला जातो की जेथे त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने कोणी ओळखत नाही, त्याच्या दूरच्या पूर्वजाच्या नावानेच ओळखतात, आणि मग त्या पूर्वजाविषयी जेवढे बोलता येईल तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचते.

बिघाडाला पूर्वज असतात हे विधान येथे शब्दशः घ्यावयाचे आहे. जावा, सी प्लस प्लस, पायथन, सी शार्प अशा आजच्या बहुतेक प्रचलित संगणकभाषांत चुकांना खरोखरच कूळ असते. एका चुकीपोटी दुसरी जन्मते, तिच्यापोटी तिसरी, आणि कोणत्या चुकीचा निकाल कोणी लावावा हे त्या नात्यांवरून ठरते. ही वंशावळ चालते कशी, आणि ती कोणत्या तत्त्वावर रचावी, हे आता सावकाश पाहू.

## चूक म्हणजे निव्वळ आकडा

१९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेली सी ही भाषा आजही असंख्य यंत्रांच्या मुळाशी आहे, आणि तिच्यातील चुकांची व्यवस्था अगदी साधी आहे. एखाद्या फंक्शनला, म्हणजे विशिष्ट काम करणाऱ्या आज्ञांच्या गटाला, सोपवलेले काम करता आले नाही तर ते बहुधा उणे १ असा आकडा परत करते आणि ‘एरनो’ नावाच्या एका ठराविक जागी बिघाडाचा क्रमांक लिहून ठेवते. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांवर हा क्रमांक २ असेल तर मागितलेली फाइल सापडली नाही असे समजावे. १३ असेल तर फाइल आहे, पण ती उघडण्याची परवानगी नाही असे समजावे.

या व्यवस्थेत दोन मोठ्या उणिवा होत्या. काम सोपवणाऱ्याने परत आलेला आकडा तपासलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती ही पहिली. त्याने तो न तपासल्यास आज्ञावली बिनतक्रार पुढे चाले, आणि जी फाइल उघडलीच नाही तिच्यातील रक्कम वाचून झाली आहे असे गृहीत धरून पुढचा हिशोब करी. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. २ आणि १३ या दोन्ही क्रमांकांनी सांगितलेली अडचण फाइलसंबंधीचीच असली तरी त्या आकड्यांकडे पाहून त्यांचे नाते कळत नाही. त्यामुळे ‘फाइलची कोणतीही अडचण आली तर असे करावे’ एवढी साधी तजवीज करावयाची म्हटली तरी तसल्या सर्व क्रमांकांची यादी स्वतः बाळगावी लागे, आणि एखादा नवा क्रमांक निघाला की ती यादी त्या दिवसापासून अपुरी ठरे.

## फेकणे आणि झेलणे

पहिल्या उणिवेवर उपाय आधी सापडला. १९६० च्या दशकात आयबीएमच्या पुढाकाराने तयार झालेल्या पीएल-वन या भाषेत अमुक स्थिती उद्भवल्यास तमुक करावे असे आगाऊ सांगून ठेवण्याची सोय होती. १९७५ साली जॉन गुडइनफ यांनी या विषयाची पद्धतशीर मांडणी करणारा निबंध प्रसिद्ध केला. आणि त्याच दशकात एमआयटी या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या क्लू या भाषेत, कोणते फंक्शन कोणकोणत्या अडचणी कळवू शकते हे त्याच्या मथळ्यातच जाहीर करण्याचा दंडक आला. अशा कळवलेल्या अडचणीला प्रोग्रामर ‘एक्सेप्शन’ म्हणतात. आपण तिला अपवाद म्हणू.

अपवादाचा प्रवास समजण्यासाठी तालुक्याची कचेरी डोळ्यांपुढे आणावी. मामलेदारांनी अव्वल कारकुनाला एका जमिनीचे टिपण तयार करण्यास सांगितले, त्याने ते काम हाताखालच्या कारकुनाकडे दिले, आणि कारकुनाने तलाठ्याकडे सात-बाराचा उतारा मागितला. तलाठी दप्तर उघडून पाहतो, तो नेमके हवे ते पान गहाळ झालेले. आता त्याला उतारा देता येत नाही, आणि पान गहाळ झाल्यास पुढे काय करावे हे ठरवण्याचा अखत्यारही त्याला नाही. परंतु तो कोरा कागद उतारा म्हणून पाठवीत नाही, तर हातातले काम तहकूब करून, ‘पान गहाळ’ अशी बाब नमूद केलेला अहवाल वर रवाना करतो. कारकुनाला अशा बाबीचा निकाल लावण्याचा हुकूम नसेल तर त्याचे कामही तेथेच थांबते आणि अहवाल आणखी वर चढतो. तो थांबतो तो ज्या मेजावर त्या बाबीचा अधिकार आहे त्या मेजावर. असे एकही मेज नसेल तर अख्ख्या कचेरीचे काम बंद पडते.

तलाठ्याने अहवाल रवाना करणे याला संगणकभाषेत अपवाद ‘फेकणे’ म्हणतात, आणि अधिकार असलेल्या मेजाने तो स्वीकारणे याला अपवाद ‘झेलणे’. मामलेदारापासून तलाठ्यापर्यंत कामे सोपवली गेल्याची जी उतरंड, तिचे नाव ‘कॉल स्टॅक’. अहवाल वर जात असताना मधल्या प्रत्येकाने आपण उघडलेली कपाटे बंद करून जावे, म्हणजे फाइली मिटवाव्यात, अडवून धरलेली स्मृती मोकळी करावी, अशीही तरतूद असते. जावा आणि पायथन या भाषांत त्यासाठी ‘फायनली’ हा शब्द आहे. या पद्धतीचा मोठा लाभ असा की चूक दुर्लक्षित राहू शकत नाही. आकडा न तपासता पुढे जाता येत होते. फेकलेला अपवाद कोणी झेलला नाही तर आज्ञावली थांबते, आणि का थांबली ते सांगून थांबते.

## कूळ कशासाठी?

परंतु आलेली बाब आपल्या अधिकारातली आहे की नाही, हे मेजावरच्या माणसाने ओळखावे कसे? त्याच्या हुकुमात केवळ ‘पान गहाळ’ एवढेच लिहिले असेल, तर ‘पान फाटलेले’ असा अहवाल आल्यास तो हात लावणार नाही. उलट ‘दप्तरदोषाच्या सर्व बाबी’ असे लिहिले असेल, आणि पान गहाळ होणे व पान फाटणे हे दोन्ही दप्तरदोषाचेच प्रकार आहेत असे कोठेतरी कायमचे ठरलेले असेल, तर दोन्ही अहवाल त्याच्याच मेजावर थांबतील. संगणकशास्त्रात ही सोय वंशवारशाने होते.

वंशवारशाची कल्पना चुकांसाठी जन्मलेली नव्हे. नॉर्वेतील ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-युहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत ती प्रथम आली. ‘वर्ग’ म्हणजे एखाद्या प्रकारच्या वस्तूंचे वर्णन: त्यांच्याजवळ कोणती माहिती असते आणि त्या कोणती कामे करतात याचा लेखी नमुना. एका वर्गापासून दुसरा उपवर्ग काढता येतो. उपवर्गाला पितृवर्गाचे सर्व काही मिळते आणि शिवाय स्वतःचे काही जोडता येते. या वारशाचे फळ असे की उपवर्गाची प्रत्येक वस्तू ही पितृवर्गाचीही वस्तू समजली जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बियार्ने स्ट्रूस्ट्रुप आणि अँड्र्यू कोनिग यांनी सी प्लस प्लस भाषेसाठी अपवादांची योजना आखली तेव्हा फेकलेली चूक ही देखील एक वस्तूच असावी, आणि झेलणाऱ्याने तिला तिच्या वर्गावरून ओळखावे, हा विचार तीत होता. चूक वस्तू झाली, आणि वस्तूंना असलेला वारसा चुकांनाही आपसूक लाभला.

या विचाराचे सर्वांत शिस्तशीर रूप १९९६ साली पहिली आवृत्ती निघालेल्या जावा या भाषेत दिसते. तेथे सर्व चुकांचा मूळ पुरुष ‘थ्रोएबल’, म्हणजे फेकता येण्याजोगा. त्याच्यापासून दोन घराणी निघतात. ‘एरर’ या घराण्यात स्मृती संपणे यांसारखे असे बिघाड येतात की ज्यांपुढे सामान्य आज्ञावलीने काही करण्याची अपेक्षा नाही. ‘एक्सेप्शन’ या घराण्यात ज्यांची दखल घेणे शक्य आणि उचित आहे असे. या दुसऱ्या घराण्यात ‘रनटाइमएक्सेप्शन’ नावाची एक मोठी शाखा आहे, आणि प्रोग्रामरच्या स्वतःच्या कसुरीतून उद्भवणाऱ्या चुका बहुतेक तिच्यात मोडतात. आणि ‘आयओएक्सेप्शन’ ही दुसरी शाखा वाचन-लेखनाच्या अडचणींची, जिच्या पोटी ‘फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन’, म्हणजे फाइल न सापडणे, हे अपत्य आहे. कुळातील जागेवरून कायदाही बदलतो: रनटाइमएक्सेप्शन आणि एरर यांच्या वंशजांना सूट आहे, पण बाकीचा कोणताही अपवाद एकतर झेलला पाहिजे किंवा आपण तो वर पाठवणार आहोत हे फंक्शनने लेखी जाहीर केले पाहिजे, यांपैकी काहीच न केल्यास कंपायलर, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा, ती आज्ञावली दाखल करून घेत नाही.

आकड्यांची यादी अपुरी पडण्याचा जो दोष वर सांगितला, तो येथे समूळ नाहीसा होतो. २०११ साली जावाच्या सातव्या आवृत्तीत फाइलविषयक नव्या सोयी आल्या आणि त्यांबरोबर ‘नोसचफाइलएक्सेप्शन’ नावाचा एक नवा अपवाद आला. तो आयओएक्सेप्शनच्या वंशातला असल्यामुळे, पंधरा वर्षांपूर्वी कोणी ‘आयओएक्सेप्शन आल्यास असे करावे’ अशी ओळ लिहून ठेवली असेल तर ती ओळ, एक अक्षरही न बदलता, या नवजातालाही झेलते. ज्याचा जन्म झाला नव्हता त्याचीही सोय आधीच होऊन बसली, ही गोष्ट मला या साऱ्या रचनेत सर्वांत मनोहर वाटते.

येथे नवशिक्यांचा एक घोटाळा होतो तो टाळावा. आपल्यापुढे उतरंडी दोन आहेत. कॉल स्टॅक ही कामाची उतरंड; कोणी कोणाला काम सांगितले यावरून ती प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते आणि काम संपताच मोडते. वंशावळ ही जातीची उतरंड. ती आज्ञावली लिहितानाच ठरते आणि स्थिर राहते. अपवाद पहिल्या उतरंडीवर चढतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याची ओळख दुसऱ्या उतरंडीवरून पटवली जाते.

> चौकट: पारिभाषिक शब्द
> अपवाद: काम पुरे करता न आल्याची वर्दी, वस्तूच्या रूपात.
> फेकणे: काम तेथेच थांबवून अपवाद वर पाठवणे.
> झेलणे: विशिष्ट वर्गाचा अपवाद स्वीकारून त्याचा निकाल लावणे. एखादा वर्ग झेलतो म्हटले की त्याचे सर्व वंशजही झेलले जातात.
> कॉल स्टॅक: एकमेकांवर सोपवलेल्या कामांची उतरंड.
> वंशवारसा: उपवर्गाला पितृवर्गाचे गुण आणि त्याची ओळख मिळणे.

## आधी नातू, मग आजोबा

एकाच ठिकाणी अनेक वर्ग झेलता येतात, आणि ते लिहिलेल्या क्रमाने वरून खाली तपासले जातात. ज्याच्याशी प्रथम नाते जुळते तो अपवाद घेतो आणि पुढच्यांकडे कोणी पाहत नाही. हा क्रम चुकला म्हणजे काय होते ते पुढील नमुन्यात दिसेल. आज्ञा मराठीत लिहिल्या आहेत, रचना जावाची आहे.

    प्रयत्न करा:
        ग्राहकाची फाइल उघडा आणि थकबाकी वाचा
    झेला आयओएक्सेप्शन:
        ‘काहीतरी बिघडले आहे’ असे सांगा
    झेला फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन:
        ‘या क्रमांकाचा ग्राहक नाही’ असे सांगा

फाइल न सापडल्यास फेकला जाणारा अपवाद फाइलनॉटफाउंड या वर्गाचा आहे, पण तो आयओएक्सेप्शनचा वंशज असल्यामुळे वरच्याच ओळीत अडकतो. ज्या ओळीत त्याच्यासाठी नेमके आणि उपयोगी उत्तर लिहून ठेवले आहे तेथपर्यंत तो कधीच पोहोचत नाही. बिल भरणाऱ्याला मिळणाऱ्या मोघम उत्तरामागे पुष्कळदा अशीच काही रचना असते: एक तर नेमकी ओळ लिहिलेलीच नसते, किंवा लिहिलेली असूनही तिच्यावर कोणीतरी पूर्वज आणून बसवलेला असतो. जावाचा कंपायलर वरील नमुना साफ नाकारतो, कारण खालची ओळ कधीच अमलात येणार नाही हे त्याला वंशावळीवरूनच कळते. पायथन मात्र असा नमुना विनातक्रार चालवते. माझ्या मते या बाबतीत जावाची सक्ती अधिक हितकर आहे; जी चूक वंशावळ वाचून आधीच सिद्ध करता येते तिचा शोध ग्राहकाच्या तक्रारीवरून लागावा हे योग्य नव्हे.

सी प्लस प्लस भाषेत आणखी एक खाचखळगा आहे. तेथे अपवाद संदर्भाने, म्हणजे मूळ वस्तूलाच हात घालून, झेलला नाही आणि पितृवर्गाच्या नावे त्याची प्रत करून घेतली, तर उपवर्गाने जोडलेला सारा तपशील त्या प्रतीतून छाटला जातो. फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, जे काही त्या अपवादाने जपून आणले असेल ते जाते आणि केवळ पूर्वजाचा सांगाडा हाती उरतो.

## पायथनने कूळ दोनदा दुरुस्त केले

वंशावळ एकदा रचली की ती बदलणे कष्टाचे असते, कारण जगभरच्या आज्ञावल्या तिच्यावर विसंबलेल्या असतात. तरीही पायथनच्या कर्त्यांनी ती बदलली, आणि त्यांची कारणे शिकण्यासारखी आहेत.

चालू असलेली आज्ञावली थांबवण्यासाठी वापरणारा कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबतो. पायथनमध्ये हा हुकूमही अपवादाच्याच रूपाने येतो. त्याचे नाव ‘कीबोर्डइंटरप्ट’. जुन्या आवृत्त्यांत तो ‘एक्सेप्शन’ या वर्गाच्या वंशात होता. परिणाम असा की ‘कोणताही अपवाद आला तरी झेला आणि पुढे चला’ असे ज्याने सद्हेतूने लिहिले, त्याची आज्ञावली वापरणाऱ्याचा थांबण्याचा हुकूमही झेलून गिळू लागली. मालक थांब म्हणतो, आणि आज्ञावली ती चूक समजून पुढे चालते. २००६ साली २.५ या आवृत्तीत यावर उपाय झाला: एक्सेप्शनच्याही वर ‘बेसएक्सेप्शन’ हा नवा मूळ पुरुष बसवला गेला, आणि कीबोर्डइंटरप्ट व आज्ञावली संपवणारा ‘सिस्टिमएग्झिट’ हे दोघे एक्सेप्शनच्या घराण्यातून काढून थेट त्या मूळ पुरुषाचे अपत्य केले गेले. आता सर्वसाधारण चुका झेलणारा मनुष्य मालकाच्या हुकुमाआड येत नाही.

दुसरी दुरुस्ती २०१२ सालची, ३.३ आवृत्तीतली. तोपर्यंत पायथनमध्येही फाइल न सापडणे आणि परवानगी नसणे या दोन्ही अडचणी ‘आयओएरर’ या एकाच नावाने येत, आणि त्यांतील भेद जाणण्यासाठी आतला क्रमांक २ आहे की १३ हे उघडून पाहावे लागे. म्हणजे कूळ आले तरी सी भाषेतील आकडे गेले नव्हते. या आवृत्तीत ‘फाइलनॉटफाउंडएरर’ आणि ‘परमिशनएरर’ हे स्वतंत्र वंशज ‘ओएसएरर’ या वर्गाखाली जन्मास घातले गेले, आणि आयओएरर हे जुने नाव ओएसएररचेच दुसरे नाव म्हणून ठेवले गेले, जेणेकरून पूर्वी लिहिलेले काही मोडू नये. ज्यांनी जुन्या नावाने झेलले त्यांचे चालू राहिले. ज्यांना भेद हवा होता त्यांना तो नावावरून मिळू लागला.

## कसोटी इलाजाची

या दोन्ही दुरुस्त्यांतून जे तत्त्व निघते ते या लेखाचा गाभा आहे. चुकांचे कूळ त्या कोठे उद्भवल्या किंवा कोणी निर्माण केल्या यावरून बांधू नये. त्यांवर काय करता येईल यावरून बांधावे. ज्या दोन चुकांवर झेलणारा नेहमी एकच इलाज करील त्यांना एका बापाखाली ठेवावे, आणि ज्यांवर तो वेगळे वागेल त्यांना वेगळे नाव द्यावे.

उलट तत्त्वाचा प्रयोगही झालेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्रणालीत आरंभी अपवादांची दोन घराणी केली गेली: प्रणालीने स्वतः फेकलेले ‘सिस्टिमएक्सेप्शन’ या वर्गाखाली, आणि इतर प्रोग्रामरांनी बनवलेले ‘ॲप्लिकेशनएक्सेप्शन’ या वर्गाखाली. कागदावर ही वाटणी नीटनेटकी दिसते. परंतु चूक प्रणालीकडून आली की प्रोग्रामरकडून, हे कळल्याने झेलणाऱ्याला काय वेगळे करावयाचे असते? काहीच नाही. यथावकाश मायक्रोसॉफ्टच्याच मार्गदर्शनात ॲप्लिकेशनएक्सेप्शनपासून वर्ग काढू नयेत, थेट एक्सेप्शनपासून काढावेत, असा सल्ला आला, आणि ते घराणे नावापुरते उरले.

योग्य तत्त्वाचे उदाहरण म्हणून पायथनमधील ‘रिक्वेस्ट्स’ या लोकप्रिय लायब्ररीकडे बोट दाखवावेसे वाटते. दूरच्या सर्व्हरकडे मागणी पाठवणे हे तिचे काम, आणि सर्व्हरने वेळेत दाद दिली नाही तर ती ‘टाइमआउट’ या वंशातला अपवाद फेकते. मात्र या वंशात दोन अपत्ये वेगळी ठेवली आहेत. जोडणीच झाली नाही तर ‘कनेक्टटाइमआउट’. जोडणी झाली, पण उत्तर आले नाही तर ‘रीडटाइमआउट’. वाट पाहून कंटाळणाऱ्याला दोहोंत फरक वाटणार नाही, पण पैशाच्या व्यवहारात तो फार मोठा आहे. पहिल्या प्रकारात मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, तेव्हा ती पुन्हा पाठवण्यात धोका नाही, आणि लायब्ररीच्या दस्तऐवजात तसे स्पष्ट लिहिले आहे. दुसऱ्या प्रकारात मागणी पोहोचून काम झालेही असेल आणि केवळ पोच हरवली असेल, आणि तेव्हा आंधळेपणाने पुन्हा पाठवल्यास एकाच बिलाची रक्कम दोनदा वजा होण्याचा संभव असतो. ज्याला भेद नको तो टाइमआउट या बापाच्या नावाने झेलू शकतो. ज्याला हवा त्याला तो जन्मतःच मिळतो. शिवाय कनेक्टटाइमआउट हा एकाच वेळी टाइमआउटचा आणि ‘कनेक्शनएरर’ या वर्गाचाही वंशज आहे, कारण जोडणी न होण्याचा इलाजही त्याला लागू पडतो. दोन्ही कुळांचा वारसा येथे सकारण घेतलेला आहे.

याच विचाराची दुसरी बाजू उपवर्गांच्या वर्तनासंबंधी आहे. पितृवर्गाचे एखादे काम उपवर्ग आपल्या पद्धतीने करू लागला, तर जावाच्या नियमानुसार तो पित्याने जाहीर न केलेला नवा किंवा अधिक व्यापक सक्तीचा, म्हणजे झेलावा किंवा जाहीर करावाच लागणारा, अपवाद फेकू शकत नाही; कमी किंवा अधिक नेमके फेकू शकतो. पित्यावर भिस्त ठेवून ज्याने तजवीज केली त्याला पुत्राने अनपेक्षित संकटात लोटू नये, हा त्यामागचा आशय. उपवर्गाची वस्तू पितृवर्गाच्या जागी निर्धास्तपणे बसवता आली पाहिजे, ही भूमिका लिस्कोव्ह यांनी १९८७ साली एका व्याख्यानात मांडली आणि १९९४ साली जॅनेट विंग यांच्यासह लिहिलेल्या निबंधात तिला काटेकोर रूप दिले.

## आरियान: सर्वांना एकच इलाज

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथून युरोपचा आरियान ५ हा नवा अग्निबाण आपल्या पहिल्या उड्डाणावर निघाला, आणि उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३७०० मीटर उंचीवर, मार्ग सोडून फुटला. झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या जुलैत दिलेला अहवाल हा चुकांच्या व्यवस्थेविषयीचा एक अत्यंत बोधप्रद दस्तऐवज आहे.

बाणाची स्थिती मोजणाऱ्या यंत्रणेतील अ‍ॅडा भाषेतली आज्ञावली आरियान ४ कडून घेतलेली होती. तीत आडव्या वेगाशी निगडित अशी एक संख्या ६४ बिटांच्या रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई, आणि अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आरियान ५ चा आडवा वेग आरंभीच पुष्कळ अधिक असल्यामुळे ती संख्या मावली नाही, आणि अपवाद फेकला गेला. अशा धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. संगणकावरील भार मर्यादेत राहावा म्हणून तिघांना दिलेले नव्हते, आणि ही त्या तिघांतली होती. याहून दुःखद गोष्ट अशी की ज्या गणनेसाठी ती संख्या लागत होती ती गणना बाण जमिनीवर असतानाच कामाची होती. उड्डाणानंतर ती सुमारे ४० सेकंद निष्कारण चालू ठेवलेली होती.

अपवाद वर आला तेव्हा त्याच्यासाठी एकच हुकूम लिहून ठेवलेला होता: बिघाडाची नोंद करावी आणि संगणक बंद करावा. कारण रचनाकारांनी असे धरले होते की उड्डाणात येणारा अपवाद म्हणजे उपकरणातील आकस्मिक बिघाड, आणि एक उपकरण बिघडले तर दुसरे हाती आहेच. परंतु दुसऱ्यातही तीच आज्ञावली होती, आणि ते त्याच कारणाने ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडलेले होते. पहिल्याने बंद पडताना पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचली, आणि जे विचलन झालेच नव्हते ते दुरुस्त करण्यासाठी नळकांडी पूर्ण वळवली.

येथे वंशवारसा असता तर बाण वाचला असता असे मी म्हणत नाही. अ‍ॅडातील अपवादांना कूळ नसते हे खरे, परंतु खरी उणीव त्याआधीची होती: उपकरण बिघडणे आणि गणित न मावणे या दोन बाबींचे इलाज भिन्न आहेत हा भेदच कोणी केलेला नव्हता. पहिल्या बाबतीत संगणक बंद करणे शहाणपणाचे. दुसऱ्या बाबतीत जमेल तेवढी चांगली किंमत देत राहणे हाच उपाय, आणि मंडळाने शिफारसही तशीच केली की अशा मापनयंत्रणेने माहिती पाठवणे कधीही थांबवू नये.

## मूळ पुरुषाच्या नावाने झेलण्याचा मोह

इतके भव्य अपघात क्वचित होतात. नित्याची हानी अधिक साध्या मार्गाने होते. कामाची घाई असलेला प्रोग्रामर नेमके वर्ग शोधत बसण्याऐवजी थेट एक्सेप्शन हा वर्ग झेलतो आणि आत काहीच लिहीत नाही, किंवा ‘नंतर पाहू’ असा शेरा मारून ठेवतो. टोरांटो विद्यापीठातील डिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच प्रणालींतील १९८ बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील जे बिघाड संपूर्ण सेवेला विनाशक ठरले, त्यांपैकी ९२ टक्क्यांच्या मुळाशी अशा चुका निघाल्या की ज्या स्वतः प्राणघातक नव्हत्या आणि ज्यांची वर्दी आज्ञावलीला रीतसर मिळालेली होती. त्यांचा निकाल मात्र चुकीचा लावला गेला. ३५ टक्के अनर्थ तर झेलण्याची जागा रिकामी ठेवणे, तीत अपुरेपणाचा शेरा तेवढा असणे, किंवा फार व्यापक वर्ग झेलून सारी प्रणालीच बंद करणे, असल्या क्षुल्लक कसुरींतून उद्भवले होते.

काही भाषाकर्त्यांनी तर वंशावळीचा मार्गच सोडला. २००९ साली जाहीर झालेल्या गो या भाषेत आणि २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट या भाषेत वर्गांचा वंशवारसा नाही. नित्याच्या चुका फेकल्या जात नाहीत, फंक्शनच्या उत्तराबरोबर परत दिल्या जातात. रस्टमध्ये त्या चुकीचे संभाव्य प्रकार आधी मोजून लिहिलेले असतात, आणि ते उलगडताना एखादा राहिला तर कंपायलर तो दाखवून देतो. गो भाषेत आरंभी चूक म्हणजे बहुतांशी एक वाक्य असे, आणि ती वर जाताना प्रत्येक थर त्या वाक्याला आपले वाक्य जोडी; त्यामुळे मुळाशी कोणती चूक होती हे ओळखण्यासाठी लोक वाक्यातले शब्द पडताळू लागले. अखेर २०१९ साली १.१३ या आवृत्तीत चुकीवर चूक गुंडाळण्याची रीत आली, आणि तिच्यासोबत ‘एरर्स.इज’ व ‘एरर्स.ॲज’ ही दोन साधने आली. पहिले साधन, हाती आलेल्या चुकीच्या पोटात अमुक चूक दडलेली आहे काय हे थरामागून थर उलगडून सांगते, आणि दुसरे, अमुक जातीची चूक सापडल्यास तिच्या सर्व तपशिलासह ती काढून हातात देते.